रॉटवायलरआधी मालकाची शिकवणी : पुण्यातील एका श्वान-वर्तन सेवेचे परीक्षण

हे परीक्षण पुण्यात घरी येऊन मोठ्या, ताकदवान जातींच्या कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या एका छोट्या सेवेचे आहे. एक पशुवैद्यक ताई आणि त्यांचे सहकारी प्रशिक्षक असे दोघेच ती चालवतात. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या काही तक्रारीही पुढे येणार आहेत, आणि ज्यांना अशी मदत शोधायची आहे त्यांना नावापेक्षा कोणते प्रश्न विचारायचे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे असे मला वाटते.

आमच्याकडे ब्रुनो हा रॉटवायलर जातीचा कुत्रा आहे. तो मुळात माझ्या थोरल्या बंधूंचा. मुळशीच्या रस्त्यावर त्यांचे घर होते, भोवती कुंपण होते, आणि ब्रुनो दिवसभर त्या आवारात मोकळा असे. बंधू सहकुटुंब परदेशी गेले आणि तो बावधनमधल्या आमच्या सदनिकेत आला. चार वर्षांचा पूर्ण वाढलेला नर, आवाराची राखण करायची सवय लागलेला, आणि आता त्याच्या वाट्याला आली एक लिफ्ट, एक अरुंद मार्गिका आणि दिवसातून अनेकदा वाजणारी दारावरची घंटा. त्याने कोणाला चावा घेतलेला नव्हता. मात्र कुरियर घेऊन आलेल्या मुलाकडे पाहून तो ज्या प्रकारे ताठ उभा राहिला, ते पाहून सौ.ने त्याच संध्याकाळी मदत शोधायला सुरुवात केली.

फोनवर चौकशी करताना वेगवेगळ्या प्रशिक्षकांकडून ‘महिन्याभरात शंभर टक्के फरक’, ‘कुत्रा आमच्याकडे ठेवा, सुधारून परत देतो’ अशी आश्वासने मिळाली. या ताईंनी मात्र पहिल्याच संभाषणात स्पष्ट सांगितले की कुत्रा कधीच चावणार नाही अशी हमी त्या देत नाहीत, आणि अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नये. त्या एका वाक्यामुळे आम्ही त्यांना बोलावले. आजही अशी सेवा निवडणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे की हमी देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

पहिल्या भेटीत त्यांनी ब्रुनोला हातही लावला नाही. तो आतल्या खोलीत होता आणि ते दोघे आमचे घर पाहत होते. सेफ्टी डोअरची कडी आतून नीट बसते का, बाल्कनीच्या कठड्याची उंची किती, दूध, गॅस सिलिंडर, इस्त्रीचे कपडे घेऊन कोण कधी येते, घरकाम करणाऱ्या मावशींकडे किल्ली असते का, शेजारची मुले न सांगता आत येतात का, हे सारे त्यांनी विचारून लिहून घेतले. मुख्य दार आणि सेफ्टी डोअर ही दोन दारे एकाच वेळी कधीही उघडी राहता कामा नयेत, आणि घंटा वाजली की आधी ब्रुनो आतल्या खोलीत जाईल, त्या खोलीचे दार लागेल, मगच बाहेरचे दार उघडले जाईल, हा नियम त्यांनी त्याच दिवशी लावून दिला. दिसायला हे किरकोळ वाटते. पण कुत्र्याने दारावर आलेल्या माणसावर झेप घेतल्याच्या बातम्या आठवून पाहा. त्यांत बहुधा कोणीतरी ‘अर्धवट उघडलेले दार’ असे म्हणतोच.

त्यानंतर ब्रुनोच्या पूर्वेतिहासाची चौकशी झाली. त्यासाठी त्यांनी डॉ. इयान डनबार या पशुवैद्यकांची सहा पायऱ्यांची चाव्यांची मोजपट्टी वापरली. पहिल्या पायरीवर कुत्रा अंगावर येतो पण दात लागत नाहीत. दुसरीवर दात लागतात, कातडी फुटत नाही. तिसरीवर एका चाव्यात उथळ जखमा होतात. चौथीवर जखम खोल असते. पाचवीवर असे खोल चावे एकाहून अधिक असतात. आणि सहावीवर मृत्यू. चौथ्या पायरीपर्यंत पोचलेल्या कुत्र्याचे प्रकरण साध्या प्रशिक्षणाचे राहत नाही, असे त्यांनी बजावले. ‘तो नुसता खेळत होता’, ‘त्याने हलकेच धरले’ असे शब्द आपण मालक नेहमी वापरतो. जखमेची खोली विचारणारी ही पट्टी तसल्या शब्दांना वाव ठेवत नाही, आणि मला ती फार मोलाची वाटली.

जातीच्या प्रश्नावर त्यांनी मांडलेली भूमिका मला पटली. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो, तोसा इनू इत्यादी २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास व आधीच पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करून घेण्यास सांगितले होते. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले, दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला ठेवले, आणि सरकारला लोकांच्या हरकती मागवण्याच्या वाटेने पुन्हा जावे लागले. श्वानप्रेमींना हा आपला विजय वाटला. पण ते पत्र पडले ते प्रामुख्याने संबंधितांशी सल्लामसलत न झाल्यामुळे. त्यातून ही कुत्री निरुपद्रवी ठरत नाहीत. दुसऱ्या बाजूने, जात हेच सारे काही आहे असेही म्हणता येत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीमुळे स्पष्ट होतो असे आढळले होते.

मग रॉटवायलरच्या मालकाने वेगळी काळजी का घ्यायची? ताईंचे उत्तर असे होते : हा कुत्रा चावेल की नाही हे जातीवरून फारसे सांगता येत नाही, चावला तर काय होईल हे मात्र बऱ्याच अंशी सांगता येते. रॉटवायलरचा नर साधारण ५० किलोचा असतो. जर्मनीतल्या रोटवाईल गावच्या खाटकांनी गुरे हाकण्यासाठी आणि मालाची राखण करण्यासाठी ही जात वापरली. मान, छाती आणि जबड्याची ताकद त्या कामासाठीच जोपासली गेली. पिटबुलच्या पूर्वजांना इंग्लंडमध्ये बैलांवर सोडत असत, आणि १८३५ मध्ये तो प्रकार बेकायदा ठरल्यावर त्यांच्या आपसांत झुंजी लावल्या गेल्या. छोटासा पॉमेरेनियनही चावतो, कदाचित अधिक वेळा चावतो. पण त्याच्या चाव्याने सहसा पट्टी बांधावी लागते आणि याच्या चाव्याने शस्त्रक्रिया करावी लागते. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध महिलेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मे २०२४ मध्ये चेन्नईतल्या एका उद्यानात दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले. दोन्ही ठिकाणी कुत्री भटकी नव्हती, पाळलेली होती. ‘आमचा तसा नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने या दोन घटना नजरेसमोर ठेवाव्यात असे मला कळकळीने वाटते.

सेवेचा सर्वांत भक्कम भाग मझलचा, म्हणजे मुसक्याचा. बाजारात कापडी मुसके स्वस्त मिळते आणि बहुतेक लोक तेच घेतात. पण त्याने तोंड आवळले जाते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तोंड बांधलेला कुत्रा फिरवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. यांनी आम्हांला जाळीच्या टोपलीसारखे रबरी मुसके घ्यायला लावले. त्यात ब्रुनो तोंड पूर्ण उघडून धापू शकतो, पाणी पिऊ शकतो, खाऊचा तुकडा घेऊ शकतो, फक्त चावू शकत नाही. नाकाची लांबी आणि डोळ्यांखालचा घेर टेपने मोजूनच माप ठरवले गेले.

ते चढवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. पहिले काही दिवस मुसके नुसतेच जमिनीवर, ब्रुनोच्या जेवणाच्या भांड्याशेजारी पडून राहिले. मग प्रशिक्षकांनी त्याच्या तळाशी थोडे दही चोपडले आणि ते दोन्ही हातांत पेल्यासारखे धरले. ब्रुनोने स्वतःहून नाक आत घातले, चाटले, बाहेर काढले. मुसक्याच्या पट्ट्याला कोणी हात लावला नाही. मागे बक्कल लावण्याची पाळी आली तोवर मुसके दिसताच शेपटी हलवत पुढे येण्याइतका तो तयार झाला होता. बक्कल लागल्यावर पहिल्यांदा दहा मोजायच्या आत ते काढलेही. हे सारे अतिशय संथ गतीने होते आणि मालकाची चिकाटी पाहते. पण घाईने जबरदस्तीने चढवलेले मुसके कुत्रा पंजाने ओरबाडून काढतो, ऐन वेळी ते निघते, आणि मालकाने मात्र त्याच्याच भरवशावर पट्टा सैल धरलेला असतो.

पट्ट्याबाबत ते आग्रही आहेत. गळ्यात आवळणारी साखळी नाही, काट्यांची नाही, विजेचा झटका देणारी तर मुळीच नाही. गळ्यात रुंद पट्टी, छातीवरचा हार्नेस, हातात धरायला सुमारे सहा फुटांचा जाड पट्टा आणि दोन ठिकाणी अडकवलेले हूक, म्हणजे एक निसटला तरी दुसरा राहतो. लांब होत जाणारा गुंडाळीचा पट्टा त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत पिशवीत घालून ठेवला आणि पुन्हा बाहेर काढू नका असे सांगितले. गुरगुरण्यावर मारू नका, ओरडू नका, हाही नियम तितकाच कडक होता. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना आहे. त्याबद्दल त्याला मार बसत राहिला तर तो सूचना देणे सोडतो, आणि मग ‘काही कारण नसताना एकदम चावला’ असे म्हणायची वेळ येते. ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे, अंग एकाएकी ताठ होणे, या गुरगुरण्याच्याही आधीच्या खुणा त्यांनी आम्हांला ब्रुनोच्याच चित्रफिती संथ गतीने दाखवून ओळखायला शिकवल्या. कुरियरच्या मुलापुढे ब्रुनो ताठ झाला होता त्याचा अर्थ तेव्हा उलगडला.

लिफ्टसाठी वेगळे सत्र होते. पाचव्या मजल्यावरून खाली जाताना ब्रुनो मागच्या कोपऱ्यात, त्याच्यापुढे पट्टा धरणारा माणूस, आणि दाराशी मोकळी जागा, अशी मांडणी घटवून घेतली. दार उघडल्यावर समोर कोणी उभे असेल तर आपण बाहेर पडायचे नाही; त्यांना मागे सरण्याची विनंती करायची, नसेल जमत तर तसेच वर निघून जायचे. समोर काठी टेकत आलेले आजोबा असले की काठीच्या आवाजाने कुत्रा दचकतो. त्यामुळे प्रशिक्षक स्वतःच काठी घेऊन मार्गिकेत येरझाऱ्या घालत राहिले आणि ब्रुनोला दर वेळी शांत बसण्याबद्दल उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळत गेला. लिफ्टबद्दलची ही कडक शिस्त अनाठायी नाही. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत लिफ्टमध्ये कुत्रा चावल्याच्या प्रकरणात न्यायालयाने २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. तो कुत्रा हस्की होता. वर सांगितलेल्या २३ जातींच्या यादीत हस्की नाही.

कायद्याची माहिती त्यांनी दिली, पण ती मला तोकडी वाटली. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ खाली होते आणि दंडाची मर्यादा एक हजार होती. २०१० मध्ये रॉटवायलर चावल्याच्या एका प्रकरणात मुंबईतल्या न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली, म्हणजे तेरा वर्षांनी का होईना, प्रकरण मालकापर्यंत पोचले. पुणे महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी अँटी-रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते आणि परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. आमच्या सोसायटीत पाहिले तर अनेकांकडे केनेल क्लबची वंशावळ फ्रेम करून लावलेली आहे आणि महापालिकेचा परवाना नाही. चाव्यामुळे तिसऱ्या व्यक्तीला होणाऱ्या नुकसानीची भरपाई देणारे विमाही आता आपल्याकडे मिळतात. त्याचा विषय मात्र आम्हांलाच काढावा लागला. इतक्या बारकाईने काम करणाऱ्यांनी परवाना आणि विमा या दोन गोष्टी पहिल्याच कागदावर ठळक लिहायला हव्या होत्या.

सोसायटी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना दाखवून सांगणारे मालक पुण्यात पुष्कळ आहेत. ते म्हणतात ते खरे आहे. पण तोच माणूस सकाळी पाषाणच्या टेकडीवर आपला मास्टिफ जातीचा धिप्पाड कुत्रा मोकळा सोडतो, समोरून पळत येणारी व्यक्ती जागच्या जागी थिजते, आणि हा दुरून हाक देतो की ‘काही करत नाही तो!’ त्या थिजलेल्या व्यक्तीची भीती खोटी नसते. आपला कुत्रा काही करत नाही अशी स्वतःची समजूत घालणे हे तिचे काम नव्हे. पट्टा धरणे हे आपले काम आहे.

आता माझी मुख्य तक्रार. ब्रुनोला सकाळी मी फिरवतो, पण दुपारी आणि माझ्या कामाच्या दिवशी संध्याकाळीही एक काका येतात. पुण्यातल्या असंख्य घरांत हीच पद्धत आहे : कुत्रा साहेबांचा, पट्टा दुसऱ्याच्या हातात. या सेवेने काकांना सत्रांना बोलावले, मनापासून शिकवले, हे खरे. परंतु अखेरीस दिलेला सविस्तर आराखडा संपूर्ण इंग्रजीत होता, खुणांचे तक्ते इंग्रजीत, आणीबाणीत काय करायचे तेही इंग्रजीत. काका मराठी वर्तमानपत्र रोज वाचतात. चाव्याची जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, हळद, चुना, तेल काहीही लावायचे नाही, आणि तडक रुग्णालयात जायचे, कातडी फुटली असेल तर रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनची (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज आहे का हे डॉक्टरांना विचारायचे, ही माहिती जिच्या उपयोगाला येणार त्या व्यक्तीला ती वाचता आली पाहिजे. आम्ही मराठी प्रत मागितली, ती मिळायला फार वेळ लागला, आणि जी मिळाली ती यंत्राने भाषांतरित केल्यासारखी होती. शेवटी सौ.ने स्वतः एक पान सुवाच्य अक्षरात लिहून सेफ्टी डोअरच्या आत चिकटवले.

दुसरी उणीव मुलांबाबत. ‘लहान मूल आणि कुत्रा यांना क्षणभरही एकटे सोडायचे नाही’ हा नियम त्यांनी दिला आणि तो योग्यच आहे. पण आमच्या भाचरांना, शेजारच्या मुलांना कुत्र्याशी कसे वागायचे हे त्यांनी शिकवावे अशी आमची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांच्याकडे काहीच तयार नाही. खाताना कुत्र्याजवळ जाऊ नये, झोपलेल्याला मिठी मारू नये, घाबरलात तर पळू नये आणि स्थिर उभे राहावे, एवढेही मुलांच्या भाषेत सांगणारे सत्र असते तर फार बरे झाले असते.

शुल्क नेहमीच्या ‘बस-उठ’ शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या दुपटीच्या आसपास आहे. पशुवैद्यक स्वतः येतात, ब्रुनोच्या सांध्यांची आणि कानांची तपासणी करून दुखण्यामुळे चिडचिड होत नाही ना याची त्यांनी आधी खात्री केली, हे लक्षात घेता मला ते रास्त वाटले. शनिवार-रविवारच्या वेळा मिळणे मात्र कठीण जाते.

त्यांची एक सेवा फारशी कोणाला ठाऊक नाही आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे : कुत्रा घेण्यापूर्वीचा सल्ला. घर किती मोठे, दिवसभर घरी कोण, पन्नास किलोच्या कुत्र्याला घरातली किमान दोन माणसे धरू शकतात का, पिल्लू कोठून घेणार, हे विचारून त्या अनेकांना सरळ ‘घेऊ नका’ सांगतात. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याभराचे पिल्लू मोबाइलवरच्या छायाचित्रावरून विकले जाते. आईपासून आणि भावंडांपासून असे लवकर तुटलेले पिल्लू चावण्याचा जोर आवरायला कमी शिकते, आणि पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत माणसे, मुले, रिक्षा, काठ्या, छत्र्या यांची ओळख व्हायची ती राहून जाते. मग ते दिवसभर गच्चीत साखळीला बांधलेले असते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हाही गुन्हाच आहे. रुबाबासाठी, फाटकावर उभा करण्यासाठी किंवा रील्ससाठी असा कुत्रा हवा असेल, तर ही सेवा तुम्हांला आवडणार नाही, आणि मला ते तिच्या बाजूचे वाटते.

कुत्रा घरी आलेला आहे आणि मनात थोडी जरी धाकधूक आहे, अशांनी मात्र पहिला चावा होण्याची वाट न पाहता त्यांना बोलवावे. बोलावताना मराठी आराखडा आणि परवाना-विम्याची माहिती लेखी देणार का हे आधीच विचारून घ्यावे, आणि कुत्रा फिरवणाऱ्या व्यक्तीला पहिल्या सत्रापासून हजर ठेवावे, तिच्या त्या वेळेचा मोबदला आपण द्यावा. गणेशोत्सवाच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आवाजाला बुजणाऱ्या कुत्र्यांमुळे त्यांच्याकडे गर्दी होते आणि दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत वेळ मिळत नाही. तेव्हा शक्यतो जूनमध्येच नाव नोंदवावे.